दमलेल्या परीची अंगाई

बसा मांड्या घालून, आणि गोष्ट संपेपर्यंत कुणी पाणी मागायचं नाही.

एक होती राही. एवढीशी, काडीसारखी, डोळे मात्र टपोरे. तिला बाप नव्हता. आई होती, आणि नामा नावाचा दात येणारा भाऊ होता. गावोगाव तंबू ठोकून गाण्यांची नाटकं करणारी एक कंपनी होती, तिथे राहीची आई कपडे धुवायची. राणीचा डाळिंबी शालू, राजाचा मोरपंखी शेला, सैनिकांचे हळदीच्या रंगाचे अंगरखे, अप्सरांच्या चांदणटिकल्या लावलेल्या चुनऱ्या. दोरीवर वाळत घातले की इंद्रधनुष्य खाली उतरल्यासारखं दिसायचं. दिसायला छान असतं हो. धुवायला बसा म्हणजे कळेल.

त्या वर्षी आईला ताप आला आणि तो जाईना. वैद्यांनी नाडी पाहिली, आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली आणि राहीला बाजूला घेऊन सांगितलं, "हिला औषध नको पोरी, झोप पाहिजे. पोटभर झोपली तर उठेल. नाही झोपली तर उठायची नाही."

आता झोपणार कशी? एका बाजूला नामा रडायचा. दुसऱ्या बाजूला रंगोबुवा आणि त्र्यंबकराव भांडायचे.

रंगोबुवा म्हणजे कंपनीचे मोठे गवई. मिशा काढून, गजरा माळून राणी व्हायचे. त्र्यंबकराव गाणी लिहायचे. कंपनीची रीत अशी, की चाल आधी आणि शब्द मागून. आणि चाल कुठली, तर मागच्या नाटकात जिला लोकांनी ओरडून ओरडून वन्स मोअर दिला ती. मग ती लढाईची का असेना, पुढच्या नाटकात तिच्यावर रडण्याचे शब्द बसवायचे. दोघांचं रोजचं भांडण त्यावरूनच.

"बुवा, माझी राणी रडते आहे आणि तुम्ही तिला घोड्यावर बसवलीत," त्र्यंबकराव म्हणायचे.

"घोड्यावर बसून रडू दे," बुवा म्हणायचे. "टाळ्या घोड्यालाच पडतात. आणि तुमचे ते जाडजूड शब्द आहेत ना, ते तोंडात घेतले की श्वासाला जागाच उरत नाही."

मग बुवा रागाने असा काही आऽऽ लावायचे, की कपातला चहा गार व्हायचा पण आऽऽ संपायचा नाही. आई अंथरुणात कूस बदलायची, उठायची आणि धुणं घेऊन बसायची. राही या सगळ्यात वाढलेली. तिला वाटायचं, गाणं हे असंच असतं. कुठलाही शब्द उचलावा, कुठल्याही चालीवर टाकावा.

तंबूच्या मागे, कुंपणापलीकडे एक बाग होती. रोज सकाळी बुवांच्या गजऱ्यासाठी मोगरा आणायला राही तिथे जायची. बाग कसली, नुसता रंगांचा डबा सांडलेला. गुलाबी गुलाबी कण्हेर, पिवळी धमक शेवंती, जांभळी इवली गोकर्णं, पानापानावर दवाचे चिमुकले मणी. एका सकाळी मोगऱ्याच्या वेलाखाली तिला कुणीतरी बसलेलं दिसलं. अंगावर चंदेरी झगा, केसांत काजव्यांएवढे दिवे. पाठीला दोन पंख होते. एके काळी मोरपंखी असावेत, पण आता धुऊन धुऊन विटलेल्या शालूसारखे झाले होते. ती परी होती, आणि ती दोन्ही हातांनी आपले पाय चोळत बसली होती.

दुसरं कुणी असतं तर आधी मागायला लागलं असतं. राहीने परकराच्या ओच्यातली अर्धी भाकरी काढली आणि पुढे केली.

"मावशी, खाऊन घ्या. तुम्ही दमलेल्या दिसता."

परी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने भाकरी खाल्ली, चटणीही पुसून खाल्ली, आणि सांगितलं की जिने न मागता दिलं तिला तीन मागण्या मिळतात, असा नियम आहे. आणखी एक नियम आहे.

"मागणं गाऊन मागायचं," परी म्हणाली. "नुसतं बोललीस तर ते माझ्यापर्यंत पोचत नाही. नुसतं गुणगुणलीस तर मला कळत नाही. शब्द पण पाहिजेत, सूर पण पाहिजे. आणि दोघांचं एकमेकांशी पटलेलं पाहिजे. नाही पटलं, तर मागणं वाकडं पडतं. मग माझ्यावर रागवू नकोस."

राहीला वाटलं, हे काय अवघड! नामा झोपला की आई झोपेल. तिने कंपनीतली सगळ्यात लाडकी चाल उचलली, जिला दर खेळाला तीन-तीन वन्स मोअर मिळायचे, ती लढाईची. आणि छाती काढून गायली:

"झोप रे नाम्या, झोप रे!
मीट तुझे डोळे, झोप रे!"

शब्द झोपेचे, पण सूर नगाऱ्याचा. परीने डोळे मिटून हात हलवला. रुपेरी धूळ उडाली, कुंपणापलीकडे गेली, आणि नामा पाळण्यात ताठ उठून बसला. मुठी आवळून अशी आरोळी ठोकली त्याने, की शेजारच्या शेळ्या दावी तोडून रांगेत चालायला लागल्या. ढम ढम, ढम ढम. त्या पकडून आणता आणता आईची सगळी दुपार गेली.

दुसऱ्या सकाळी राही खाली मान घालून बागेत आली. परी तिथेच होती, पाय आणखी सुजलेले. राहीने ठरवलं होतं, की आता चाल संथ घ्यायची आणि शब्द भारीतले घ्यायचे. त्र्यंबकरावांनी लिहिलेले घ्यायचे, म्हणजे चुकायला नको. त्यांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. तिने विचारलाही नाही. हळूहळू, घोळवत गायली:

"ये माझ्या आईच्या दारी
विश्रांती, कुसुमवर्षिणी."

चाल चांगली होती. पण तोंडातून निघाले ते शब्द तिचे नव्हतेच, आणि कुसुमवर्षिणी म्हणजे फुलांचा पाऊस पाडणारी. पडला की पाऊस! गुलाबी, पांढरी, केशरी, टपटप टपटप, तंबूवर, दोरीवरच्या कपड्यांवर, चुलीत, आमटीत. गुडघाभर फुलं. बुवा घसरून बसले आणि त्र्यंबकरावांना म्हणाले, हे तुमच्याच शब्दांचं लक्षण दिसतंय. आणि ती फुलं झाडली कुणी? आईने. तापलेल्या अंगाने, हातात खराटा घेऊन, संध्याकाळपर्यंत झाडत होती. रात्री तिचे हात इतके थरथरत होते, की भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत जाईना.

तिसऱ्या दिवशी राही बागेत गेली ती दुपारी. त्या दिवशी खेळ नव्हता. सकाळभर तिनेच धुणं पिळलं होतं, नामाला पाठीशी बांधून. मागणं एकच उरलं होतं. चुकलं तर आई गेली. हे तिला कुणी सांगायला नको होतं.

परी वेलाखाली पडली होती. केसांतले दिवे मालवत आले होते आणि पंख मातीत लोळत होते.

"माग पोरी," ती पडल्या पडल्याच म्हणाली. "लवकर माग. मला पुढे सात गावं आहेत."

"तुम्ही झोपत नाही का, मावशी?"

परी हसली, ते हसणंसुद्धा दमलेलं होतं. तिने सांगितलं, की मागण्या पुरवणाऱ्या परीला स्वतःसाठी काही मागता येत नाही. झोपसुद्धा नाही. दुसऱ्या कुणी तिच्यासाठी मागितली तरच मिळते. "आजवर कुणी मागितली नाही. लोकांच्या स्वतःच्या अडचणी असतात, बाळे. मी कुणाला नावं ठेवत नाही. तू आईसाठी माग."

राहीने परीचे पाय मांडीवर घेतले आणि चेपायला लागली. रोज रात्री आईचे चेपायची तसेच. दाबायचं आणि सोडायचं. दाबायचं आणि सोडायचं. तळव्याला भेगा होत्या, आईच्या असतात तशाच. आईपाशी निदान मी आहे, राहीला वाटलं. हिच्यापाशी कोण आहे? उद्यापासून मीच धुणं धुवेन, नाम्याला घेऊन लांब तळ्याकाठी जाईन, पण आईला झोपवेन. कशी ते बघू. हिला मात्र आज कुणी झोपवली नाही, तर कुणीच झोपवणार नाही.

असं म्हणणं सोपं नाही, पोरांनो. तुम्ही म्हणून बघा. तिचे डोळे भरून आले होते, तरी तिचे हात थांबले नाहीत.

आणि त्या दाबण्या-सोडण्यातूनच सूर आला. तिने शोधला नव्हता. हात दाबला की सूर चढायचा, हात सोडला की उतरायचा, ओळ संपली की श्वास संपायचा. शब्दही त्याच्याबरोबरच आले, घरातलेच, रोजचे:

"दमले पाय गं, दमले पंख,
निजला तळ्यात इवला शंख.
राहिलं काम ते राहू दे आता,
टेकव उशीला दमला माथा."

शब्द कुठे संपतो आणि सूर कुठे सुरू होतो, ते बागेतल्या भुंग्यालाही सांगता आलं नसतं. भुंगा फुलातच झोपला. गोकर्णांनी पाकळ्या मिटल्या. परीच्या पापण्या जड झाल्या. पंखांवर आधी फिकट निळा, मग हिरवा, मग सोनेरी रंग चढला.

"अगं, तुझी आई..." ती पुटपुटली.

"निजा तुम्ही," राही म्हणाली.

परी झोपली. झोपल्या झोपल्याच तिचं अंग उजळत गेलं. मोगऱ्याच्या कळीएवढे, मग मोहरीएवढे प्रकाशाचे थेंब झाले, उन्हात मिसळले आणि वेलाखाली कुणी उरलं नाही. गवतावर एक मऊ रुपेरी पीस तेवढं पडलेलं होतं.

राही ते पीस मुठीत धरून रडत रडत तंबूकडे निघाली. कुंपण ओलांडलं आणि थबकली. इतकी शांतता तिने जन्मात ऐकली नव्हती. जे गाणं खरं जुळलेलं असतं, ते ज्याच्यासाठी गायलं त्याच्यापाशी थांबत नाही. ऐकू जाईल तिथवर जातं. नामा मुठीत अंगठा धरून झोपला होता. शेळ्या झोपल्या होत्या. रंगोबुवा आणि त्र्यंबकराव भांडता भांडताच एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून घोरत होते. आणि आई, अर्धा पिळलेला डाळिंबी शालू मांडीवर, धुण्याच्या दगडाला टेकून गाढ झोपली होती. राहीने कपाळाला हात लावला. कपाळ घामाने गार होतं.

आई झोपली ती दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत. उठली ती ताप उतरूनच. बुवा आणि त्र्यंबकराव जागे झाले तेव्हा दोघांच्याही ओठांवर तेच गाणं होतं, आणि दोघेही एकमेकांना म्हणत होते, हे तुमचं दिसतंय. पुढच्या नाटकाच्या शेवटी बुवांनी ते गायलं, आऽऽ न लावता. वन्स मोअर कुणी मागितला नाही. मागायला जागं कोण होतं?

पण त्या आधीचं सांगायचं राहिलं. आई उठली त्या दुपारी राही दारात धुणं पिळत होती. गाणाऱ्याला आपल्या अंगाईची झोप लागत नाही, त्यामुळे कालपासून ती एकटीच जागी होती. नामाला तिनेच पाहिलं, दोरीवर कपडे तिनेच घातले. डोळे लाल, हात पांढरेफटक पडलेले.

आईने तिच्या हातातला शालू काढून घेतला आणि बाजूला टाकला. रुपेरी पीस उशीवर ठेवून तिला त्यावर निजवलं, पाय मांडीवर घेतले आणि चेपायला लागली. मग झोपेत ऐकलेलं गाणं गायला लागली. आईचा आवाज घोगरा होता, पण दाबणं-सोडणं तेच होतं.

"आई, मला कुठे पंख आहेत?" राहीने डोळे मिटताच विचारलं.

"पंख काय नि हात काय, दमतात ते दमतातच. गप पड."

शंख तळ्यात निजल्याचं राहीने ऐकलं. काम राहू दे म्हटल्याचंही ऐकलं. चौथी ओळ तिला ऐकू आली नाही.