घागरभर ताजं दूध

पूर्वी चंपानगरीत सुदत्त राजाचं राज्य होतं, आणि बोधिसत्त्व तेव्हा त्याचे प्रधान होते. त्या राज्यात ज्याच्या दारी गाय, त्यानं कार्तिकी पुनवेला राजवाड्यावर घागरभर ताजं दूध घालायचं, असा कर होता. नगरालगतची माणसं पहाटे धार काढून, उन्हं वर यायच्या आत दूध पोचवून मोकळी व्हायची.

पण कुसुंबी म्हातारीची वस्ती होती पार घाटमाथ्यावर, अकरा दिवसांच्या वाटेवर. गेल्या साली तिनं घागर आणली, ती नासली. पिंगल भांडाऱ्यानं दम दिला, "पुढच्या खेपेला ताजं नसलं तर गाय जप्त!"

म्हातारीनं वर्षभर डोकं लढवलं आणि औंदा गायच चालवत आणली. वाड्याच्या दारात, राजा नि प्रधानांच्या समोरच, धारेला बसली. पण एवढं चालून ढवळी आटलेली. निघालं ओंजळभर दूध.

"घागर भरली नाही. सोड दावं," पिंगल म्हणाला.

म्हातारीनं दावं मनगटाला गुंडाळलं. घरी बोलायला तिला तेवढी ढवळीच होती. तरी जीभ गप्प बसेना. "ने बाबा. पण गाणं म्हटल्याबिगर ही पान्हा सोडत नाही. येतं का तुला?"

शिपाई फिसकन हसले. पण म्हातारीनं दाव्याचा आणखी एक वेढा मनगटाला घातला, ते फक्त प्रधानांनी पाहिलं.

"महाराज," ते म्हणाले, "गाय आटली की वाटेनं आटवली, हे आधी कळू द्या. पिंगलांनी हिच्या घरी जावं आणि ताजं दूध घेऊन यावं."

"आणतो की! त्यात काय!" पिंगल म्हणाला.

म्हातारी नि ढवळीच्या मागोमाग तो घाटमाथ्यावर पोचला तो लंगडतच. म्हातारीनं त्याचे पाय शेकले. चार दिवसांत ढवळी पुन्हा घागर भरू लागली, तशी म्हातारीनं त्याला गूळ घालून तांब्याभर दूध पाजलं. पिंगलनं घागर डोक्यावर घेतली, आणि म्हातारी मुद्दाम मागोमाग निघाली. तिसऱ्या दिवशी घागर फसफसली. सहाव्या दिवशी माश्या घोंगावायला लागल्या.

"आजी, ओतून देऊ का गं?" पिंगल रडकुंडीला आला.

"अगंबाई! राजाचं ताजं दूध! जपून हं, बाळा."

दरबारात घागर उघडली आणि राजानं नाकाला शेला लावला. पिंगल खाली मान घालून म्हणाला, "महाराज, हिची गाय सोडा. ह्या वाटेवर माझंसुद्धा दूध नासलं."

राजानं प्रधानांकडे पाहिलं, मग म्हणाला, "एका दिवसाच्या वाटेपलीकडच्यांना दुधाचा कर माफ. त्याऐवजी घाट चढून आलेल्या वाटसरूला त्यांनी तांब्याभर दूध द्यावं."

"इश्श, ते तर आम्ही रोजच देतो. ह्याला नाही का पाजलं?"

"मग आजी," प्रधान हसून म्हणाले, "तू कर कधी चुकवलाच नव्हतास. आम्हीच तो घ्यायला आलो नाही."

विहारात ही गोष्ट सांगून झाल्यावर भगवान बुद्ध भिक्षूंकडे वळले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, दूरच्या डोंगरावरून उशिरा पोचलेल्यांना आज जेवण नाकारणारा आपला कोठारी, तोच तेव्हाचा पिंगल. राजा म्हणजे आनंद. त्या उशिरा आलेल्यांतली सगळ्यांत म्हातारी भिक्षुणी, जी अजून मागं बसून हसते आहे, ती कुसुंबी. आणि प्रधान मीच होतो. दुसऱ्याची वाट आधी आपल्या पायांनी चालून पाहावी, मग त्याच्याकडे मागावं. हिलाच करुणा म्हणतात."

कोठारी उठला आणि उशिरा आलेल्यांसाठी पानं मांडायला लागला.