हिरवा दिवा, पिवळा दिवा

“पण महाराज, मी त्यांच्यासाठी काय करायचं बाकी ठेवलंय?”

सोमगिरी महाराज मठाच्या ओसरीत गवार निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

निनाद टोणगावकर पुण्याहून बालाघाटच्या डोंगरात आला होता तो उत्तर ऐकायला कमी आणि शाबासकी घ्यायला जास्त. माणूस वाईट नव्हता. कंपनीने ऑफिस बंद करून सगळ्यांना घरून काम करायला लावलं, तेव्हा बाकीच्या साहेबांची माणसं पांगली. याच्या टीममधलं एकही गळलं नाही. त्याचा त्याला रास्त अभिमान होता. फक्त आता तो अभिमान अंगात मावत नव्हता.

“एकाची कंबर दुखत होती, त्याला घरपोच खुर्ची पाठवली. हिंगोलीला वृंदाकडे सारखी वीज जायची, तिला इन्व्हर्टर बसवून दिला. सगळे घरी, पण एकटं कुणी नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॅमेरे चालू. अख्खी टीम माझ्या पडद्यावर, माझ्या डोळ्यांसमोर. दुसरे मॅनेजर हे शिकायला माझ्याकडे येतात, महाराज.”

“हूं.”

“कुणी जागेवरून उठलं की त्याच्या नावापुढचा हिरवा दिवा पिवळा होतो. मी लगेच विचारतो, काही अडचण आहे का? इतकी काळजी कोण करतं आजकाल?”

“मग आता बिघडलं काय?”

निनादचा आवाज खाली आला.

“वृंदाने राजीनामा दिलाय. माझा उजवा हात आहे ती. उद्यापर्यंत तिचं मन वळवलं नाही, तर गेली.”

त्याला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त लागलं होतं. बाकी सगळे साहेब असताना तिने आपल्यालाच सोडावं, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं.

“का जाते म्हणाली?”

“घरगुती कारण.”

“घरी काय झालंय?”

“विचारलं नाही. कुणाच्या घरात डोकावणं माझ्या तत्त्वात बसत नाही.”

महाराजांचा हात गवारीवर थांबला.

“दिवसभर तिच्या घरात बघतोस.”

“हो.”

“पण डोकावत नाहीस.”

“कधीच नाही,” निनाद छाती काढून म्हणाला. बोलून गेल्यावर मात्र ते त्याचं त्यालाच थोडं खटकलं.

आतून पंगत उठल्याचा आवाज आला. दुपार चांगलीच कलली होती.

“ती जेवली का रे?”

“कोण? वृंदा? मला काय माहीत...”

“विचार की मग. पारापाशी रेंज येते. मलाही ऐकू दे.”

निनादला हसू आलं. एवढा घाट उतरून-चढून आलो ते हे विचारायला? पण महाराजांचा शब्द. तो पारापाशी गेला, महाराज मागोमाग गेले. त्याने स्पीकर लावून फोन केला.

पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

“सर, ऑनलाइनच आहे मी. गॅस बंद करायला उठले होते तेवढंच. हा बघा, दिवा हिरवा झाला.”

“नाही, नाही. वृंदा, तू जेवलीस का?”

“सर?”

“जेवलीस का, विचारतोय.”

“सर, कुणी काही बोललं का माझ्याबद्दल? मी एवढ्यात जेवणाची सुट्टी घेतलेलीच नाहीये. तुम्ही नोंद बघा हवं तर.”

“अगं, तसं नाही...”

“रिपोर्ट चारपर्यंत देते, सर. राजीनामा दिला म्हणून मी काम अडवणार नाही. खरंच नाही.”

निनादने काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. इतकी वर्षं जिला आपण सांभाळतो असं तो चारचौघांत सांगत होता, ती त्याला घाबरत होती. साध्या प्रश्नाला तिने कैफियत दिली होती. आणि ती जेवली की नाही, हे अजूनही कळलं नव्हतं.

महाराज परत ओसरीत येऊन गवारीला लागले. निनाद त्यांच्यासमोर बसला, आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्याने आवाज न चढवता विचारलं.

“महाराज, उद्या मी तिला काय सांगू?”

“सांगू नकोस काही. जेवलीस का, एवढंच विचार. परवाही विचार.”

“परवा ती नसेल.”

“नसू दे. तरी विचार.”

“किती दिवस...?”

महाराजांनी निवडलेली गवार त्याच्यापुढे सरकवली, धुऊन आण म्हणून.

“ज्या दिवशी ती न घाबरता ‘नाही जेवले’ म्हणेल, त्या दिवशी इथं वाजतगाजत ये.”