पालथा फोन

“...मग आता शिकायचं काय राहिलंय, ते तरी सांगा, उस्ताद!”

उत्कर्षनं हा प्रश्न त्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारला होता.

दस्तगीर उस्ताद एका जुन्या फोनच्या चार्जिंगच्या भोकातून सुईनं खिशातला कचरा काढत होते. बराच निघाला.

मिरजेत, लक्ष्मी मार्केटच्या मागच्या बोळात उस्तादांचं दुकान. तिथं आधी रेडिओ दुरुस्त व्हायचे, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, आता मोबाइल. यंत्रं बदलत गेली, उस्तादांचं स्टूल तेवढं तेच राहिलं.

उत्कर्ष दोन वर्षांपूर्वी पुण्याहून दोन कोर्स करून त्यांच्याकडे आला. पोरगा हुशार, यात वाद नाही. वाद असलाच तर एवढाच, की ही गोष्ट त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होती.

इचलकरंजीत त्याच्या स्वतःच्या दुकानाची पाटी रंगवून तयार होती. उस्ताद एकदा ‘जा’ म्हणाले की तो जाणार होता. न विचारताही जाता आलं असतं, पण तेवढी चाड त्याला होती.

“अडकलेला कॉम्प्युटर मी दहा मिनिटांत सुरू करतो,” तो म्हणाला. “पाण्यात पडलेले फोन... विसरलेले पासवर्ड... सेटिंगमध्ये असं एक पान नाही, जे मी उघडलेलं नाही.”

“हं,” उस्ताद म्हणाले. “उघडतोस खरा.”

पुढं काही बोलणं होणार, तेवढ्यात श्रीपती खोत दुकानाच्या पायरीशी आले.

खोतांची आरग गावात पिठाची गिरणी. एरवी त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या. आज नव्हत्या. उस्तादांनी ते पाहिलं आणि हातातली सुई खाली ठेवली.

“गिरणी बंद आहे का, श्रीपतराव?”

“बुधवारपास्नं बंद हाय,” श्रीपती म्हणाले आणि त्यांनी खिशातून फोन काढून काउंटरवर ठेवला. “आदी ह्याचं काय ते बगा.”

तो फोन उत्कर्षच्या ओळखीचा होता. तीन आठवड्यांपूर्वी श्रीपतींनी तो नवा घेतला, आणि खोक्यासकट इथंच आणला होता. उत्कर्षनं अर्धा तास बसून तो लावून दिला होता. मग घरी वाजत नाही म्हणून श्रीपती तो दोनदा घेऊन आले. दोन्ही वेळा फोन दुकानात नीट वाजला, आणि उत्कर्षनं त्यांना परत पाठवलं.

“काय झालं?” उस्तादांनी विचारलं.

श्रीपतींना सांगायला वेळ लागला.

त्यांची मुलगी कुंदा एकोणीस वर्षांची. दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पुण्याच्या एका दवाखान्याच्या यादीत तिचं नाव. किडनी मिळण्याची वेळ आली की दवाखाना फोन करणार. फोन उचलला नाही, तर थांबणार नाहीत, यादीतल्या पुढच्या माणसाला करणार. हा नवा फोन घेतला तो एवढ्यासाठीच.

“मंगळवारी आला फोन,” श्रीपती म्हणाले. “दोनदा आला. आक्का, माजी थोरली भन, फुड्यातच बसलीया, डाळ निवडत. वाजलाच न्हाई... सांजच्याला बगतोय तर दोन कॉल येऊन गेल्यात.”

“आणि किडनी?” उस्तादांनी हळूच विचारलं.

“गेली दुसऱ्याला.” श्रीपतींनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. “कुणाचं तरी लेकरू वाचलं आसंल. चांगलं झालं... आमचं नाव हाय आजून यादीत. दवाखान्यातली बाई म्हनली, परत येईल फोन. कवाबी येईल. म्हनून विचाराय आलो. वाजंल का न्हाई, तेवढंच सांगा.”

उत्कर्षनं फोन उचलला. आवाज बघितला, पूर्ण होता. सिम काढून परत घातलं. फोन बंद करून पुन्हा चालू केला. स्वतःच्या फोनवरून कॉल लावला.

हलगी कडाडली. श्रीपतींच्या फोनला तोच आवाज लावलेला होता. शेजारच्या दुकानातला शिंपी डोकावून गेला.

“बघा! खणखणीत वाजतोय.”

“हितं वाजतोयच की. घरी गेला की मुका हुतो.”

“घरात रेंज नसेल.”

“रेंज नसती, तर दोन कॉल आलेलं दावलं कसं आसतं?”

हे बरोबर होतं. उत्कर्षला गिरणीवाल्यानं बरोबर असणं फारसं आवडलं नाही.

“मग गिरणीच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.”

“गिरणी हाय रस्त्याला, घर हाय आत मळ्यात. फोन घरात.”

“मावशींना कमी ऐकू येतं का?”

श्रीपतींनी त्याच्याकडे पाहिलं. “गिरणीचा पट्टा सैल झाला, तर ती घरातनं सांगून धाडती.”

उत्कर्षनं मान हलवली. आता एकच उपाय राहिला होता, आणि तो त्याचा आवडता होता. “उस्ताद, हा पुसूनच टाकतो. सगळं काढायचं, पहिल्यापासून भरायचं. दोष कुठं का असेना, निघून जाईल.”

“कुठं आहे तो?”

“काय?”

“दोष.”

“ते कळायची गरजच नाही ना!”

“घरी गेल्यावर तो परत आला तर...?” उस्ताद म्हणाले. “हात मागं घे.”

या दुकानाची ही रीत होती. गिऱ्हाईक फोन कसा वापरतं ते बघायचं, आणि बघताना आपले हात पाठीमागे बांधून ठेवायचे. उस्ताद स्वतःही तसेच उभे राहत. ज्याला बोटांनी झटपट काम येतं त्याला ही रीत शिक्षेसारखी वाटते. उत्कर्षला दोन वर्षं वाटत होती. त्यानं हात मागं घेतले, पण तोंड वाकडं करून.

“श्रीपतराव,” उस्ताद म्हणाले, “घरी गेल्यावर फोनचं काय करता? सांगू नका. करून दाखवा.”

“हितं?”

“इथंच. हे काउंटर म्हणजे तुमचं घर समजा.”

श्रीपती ओशाळले. इकडं तिकडं बघितलं. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

उत्कर्षला हसू आलं. उस्तादांना आलं नाही.

श्रीपतींनी टॉवेलच्या कोपऱ्यानं फोन पुसला. काच पुसली, कडा पुसल्या. दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. आणि मग अगदी सावकाश, आवाज होऊ न देता, काउंटरवर ठेवला. पालथा.

त्यांनी हात जोडले. डोळे मिटले.

“देव्हाऱ्यात ठिवतो,” ते डोळे न उघडता म्हणाले. “जोतिबाच्या पायाशी. आमी समदी डोकं टेकतोय, म्हटलं त्यानंबी टेकावं... आन् ठिवला की एकदा हलकाच थरथरतो बगा. आत्ताबी थरथरला. आक्का म्हनती, देवानं ऐकलं.”

“थांबा!”

उत्कर्ष जवळजवळ ओरडलाच. पाठीमागचे हात केव्हा पुढं आले ते त्याला कळलं नाही. त्यानं फोन उचलला, सरळ केला, पुन्हा पालथा केला. फोन हलकेच थरथरला.

“सापडलं, उस्ताद! अहो काका, तुम्हीच गप्प करताय त्याला! पालथा ठेवला की फोन वाजायचाच नाही, अशी सोय असते. गप्प बसतोय हे सांगायला थरथरतो तो. देव कसला ऐकतोय!”

बोलून गेला.

श्रीपतींनी डोळे उघडले. फोनकडे पाहिलं. मग आपल्या तळव्यांकडे पाहिलं. जात्याच्या कामानं राठ झालेले ते तळवे ते उलटेसुलटे करत राहिले.

“म्हंजी मंगळवारी...” ते म्हणाले. “माज्याच हातानं?”

...

उत्कर्षनं एव्हाना सेटिंगमधलं ते पान उघडलं होतं. बटण चालू होतं. ते बंद करायला त्यानं बोट पुढं केलं, आणि बोट तिथंच राहिलं.

ही सोय नव्या फोनात बंदच येते. कुणीतरी चालू केल्याशिवाय चालू होत नाही.

तीन आठवड्यांपूर्वीची दुपार त्याला आठवली. गिऱ्हाईक नव्हतं, वेळ होता. खेड्यातल्या माणसाला काय कळणार, आपणच सगळं छान करून देऊ, असं म्हणत त्यानं त्या फोनातल्या झाडून सगळ्या नव्या सोयी चालू केल्या होत्या. एकेक बटण. कुठलीही न विचारता. वर त्या दिवशी उस्तादांना म्हणाला होता, ‘असा फोन मिरजेत दुसऱ्या कुणाचा नसेल.’

हे श्रीपतींना ठाऊक नव्हतं. उस्ताद तर त्या पानाकडे बघतही नव्हते. बटण गुपचूप बंद केलं असतं, तर या जगात कुणालाही कळलं नसतं.

त्याला लाज वाटली.

“काका,” तो म्हणाला. “तुमच्या हातानं नाही.”

श्रीपतींनी वर पाहिलं.

“माझ्या हातानं. ही सोय बंदच असते. मी चालू केली. तुम्हाला विचारलं नाही... सांगितलंसुद्धा नाही. मला वाटलं, चांगली आहे. मगाशी तुम्हाला बोललो, तेही मी बोलायला नको होतं.”

श्रीपतींनी शिव्या दिल्या असत्या, तर उत्कर्षला सोपं गेलं असतं. हात उगारला असता तरी चाललं असतं.

“आता बंद हुईल का ती?” श्रीपतींनी विचारलं.

“होईल.”

“मग कर, बाबा.”

उत्कर्षनं फोन त्यांच्याच हातात दिला. “हे बटण. तुम्ही दाबा. हे असं डावीकडे गेलं, म्हणजे बंद. कधी शंका आली, तर घरी बघता येईल.”

श्रीपतींचं बोट जाड होतं, पहिल्यांदा दुसरंच बटण दाबलं गेलं. उत्कर्षचा हात पुढं झाला नाही. दुसऱ्यांदा बरोबर दाबलं गेलं. मग ते पान बाहेरून पुन्हा शोधून काढायला त्यानं त्यांना सांगितलं, आणि ते सापडेपर्यंत तो थांबला. चार वेळा चुकून पाचव्यांदा सापडलं.

“आता ठेवा. देव्हाऱ्यात ठेवता तसा.”

श्रीपतींनी फोन पुसला, कपाळाला लावला, पालथा ठेवला. या वेळी तो थरथरला नाही.

उत्कर्षनं कॉल लावला.

एक क्षण गेला... दुसरा गेला...

हलगी कडाडली. काउंटरवर पालथा पडून फोन जोरजोरात वाजत राहिला. श्रीपतींनी तो झडप घालून उचलला, कानाला लावला, आणि समोर तीन हात अंतरावर उभ्या असलेल्या उत्कर्षला मोठ्यानं म्हणाले, “हॅलो! कुंदाचा बाप बोलतोय!”

“ऐकू येतंय, काका,” उत्कर्ष फोनमध्ये म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि त्यानं ते लपवले नाहीत.

तसं तीन वेळा झालं. तिन्ही वेळा श्रीपतींनी तेच म्हटलं.

मग उत्कर्षनं एका कागदावर स्वतःचा नंबर लिहिला. “दवाखान्याला दुसरा नंबर द्या. हा द्या. तुमचा लागला नाही तर मला करतील. मी कुठंही असलो, तरी गाडी काढून आरगला येईन.”

श्रीपतींनी तिथूनच दवाखान्यातल्या बाईंना फोन केला. एकेक आकडा वाचून दाखवला. बाईंनी तो परत वाचून दाखवला. तो कागद श्रीपतींनी घडी करून टोपीत ठेवला.

चपला घालून ते पायरी उतरले. चार पावलं गेले, आणि परत आले.

“उस्ताद... एक विचारायचं राहिलं.” ते फोन हातात घेऊन उभे होते. “हितनं फुडं देवाफुडं सरळच ठिवू का? पालथा नको?”

सरळ ठेवलेला केव्हाही बरा, हे उत्कर्षच्या ओठांवर आलं होतं. ते चुकीचंही नव्हतं. पण तो बोलला नाही. तो उस्तादांकडे बघत राहिला.

उस्ताद स्टुलावरून उठले. त्यांनी श्रीपतींच्या हातातून फोन घेतला, आपल्या सदऱ्याच्या बाहीनं पुसला, आणि दोन्ही हातांनी परत दिला.

“ठेवता तसाच ठेवा, श्रीपतराव. फोनला नमस्कार कळत नव्हता. आता कळतो.”