घैसाससरांचा आदिमानव

साल बहात्तर की त्र्याहत्तर, हे आता खात्रीने सांगवत नाही. प्रसंग मात्र असा घडला. स्लाइड्स उलट्या क्रमाने मांडल्या म्हणून प्राणिशास्त्राच्या डॉ. घैसासांनी प्रयोगशाळेतले शिपाई बाबाजी तांडेल यांच्या कानाखाली भर वर्गात मारली. घैसासांनी लेखी माफी द्यावी अशी मागणी तांडेलांनी केली, तेव्हा प्राचार्यांनी दोघांना बोलावले.

"राग लाखो वर्षं जुना आहे," घैसास शांतपणे म्हणाले. "ज्यानं हात उगारला तो टिकला, आपण त्याचेच वंशज. मी नाही मारलं, माझ्यातल्या आदिमानवानं मारलं. त्याची माफी मी कशी मागू?"

प्राचार्यांना ते पटले. "तांडेल, द्या सोडून."

पण आज माफी घेतल्याशिवाय त्या वर्गासमोर पुन्हा उभे राहायचे नाही, हे तांडेलांनी ठरवले होते.

"एकच विचारतो, साहेब. सर, तेव्हा तुमच्या हातात काय होतं?"

"मायक्रोस्कोप. नवा होता."

"त्याचं काय केलंत?"

"टेबलावर ठेवला."

"दोन्ही हातांनी, एक हात बुडाखाली धरून. वर खोळ घातलीत आणि मग माझ्याकडे वळलात." तांडेल प्राचार्यांकडे वळले. "साहेब, त्या आदिमानवाला खोळ घालता येते, म्हणजे सहीसुद्धा येत असेल."

प्राचार्यांनी हसू दाबत कोरा कागद घैसासांपुढे सरकवला.

पुढे अनेक वर्षांनी मी कॉलेजच्या जुन्या दप्तरात खात्री करून घेतली. माफीनामा चार ओळींचा आहे, आणि त्यात कारण दिलेले नाही.