काळ्या सिंहासनाचे दुखणे

एका राज्यात, जिथे नद्या उगमाकडे पाहून मगच पुढे वाहत, एक काळे सिंहासन होते. ते कधी डगमगत नसे. पहिल्या राजाने ते नीलजंघ मांत्रिकाकडून मागून घेतले होते आणि मांत्रिकाने दोन अटी घातल्या होत्या. या आसनावर बसणाऱ्याने दुःखाच्या वार्तेला एकच शब्द बोलावा : "ऐकले." आणि आसनावरचा राजा कारणाशिवाय मेला, तर आसन आणि आसनाखालचे सारे राज्य नीलजंघाचे व्हावे. पहिल्या राजाला दोन्ही अटी स्वस्त वाटल्या. कारणाशिवाय कोण मरतो?

पुढे त्याच वंशात सुकेतन राजा झाला. पुराच्या साली माणसे रडत आली, राजा म्हणाला, "ऐकले." रोगराईच्या साली आली, राजा म्हणाला, "ऐकले." मग एका सकाळी सीमेवरून दूत आला आणि म्हणाला, "महाराज, धाकटे राजे रविकेत रणात पडले." राजाचा तो एकुलता एक भाऊ. राजा म्हणाला, "ऐकले. पुढची फिर्याद आणा."

त्या दिवसापासून राजाच्या छातीत दुखू लागले.

दुखणे सांगून येत नसे. कधी जेवताना, कधी दरबारात, छातीवर हत्ती गुडघा टेकून बसावा तसे ते येई. श्वास अडके, हात गार पडत. राजवैद्य नाडी बघत. नाडी पाटाच्या पाण्यासारखी सरळ. डोळे स्वच्छ, जीभ स्वच्छ. राजवैद्य हसून म्हणत, "महाराज, काही नाही!" ही आनंदाची वार्ता आहे असे त्यांना वाटे. पण तो शब्द उच्चारताच त्यांच्या अंगावर पिसे फुटत, आणि मैना होऊन ते महालाच्या छज्ज्यावर जाऊन बसत. आठवडाभरात छज्जा भरून गेला. दिवसभर तिथून ओरड चाले : "काही नाही! काही नाही!" आणि प्रत्येक ओरडीगणिक राजाचे दुखणे वाढे.

शेवटी उरला वृद्ध भानुमित्र. त्याने इतके ग्रंथ वाचले होते की कोणत्याच ग्रंथावर त्याचा पुरता विश्वास राहिला नव्हता. त्याच्या डोक्यावर राजवैद्याची केशरी पगडी ठेवण्यात आली. ती पगडी राजासमोर उतरवायची नसे; उतरवली, तर पद सोडले असा अर्थ होई.

भानुमित्राने राजाची नाडी धरली. नाडी उत्तम होती. माझी बोटे तर बधिर झाली नाहीत ना? की खरेच काही... त्याच्या कानामागे खाज सुटली. त्याने हात लावून पाहिला. एक बारीक, मऊ पीस उगवले होते. घाबरून त्याने तो विचार अर्ध्यावरच सोडला.

"काय दिसते, वैद्यराज?" राजाने विचारले.

"अजून पाहतो आहे, महाराज."

"लवकर पाहा. पौर्णिमेला नीलजंघ दारात उभा राहणार आहे. त्याला माझ्या दुखण्याचा वास लागला आहे."

छज्ज्यावरून शारंग मैना खाली उतरली. हा शारंग भानुमित्राचा जुना सहाध्यायी. "काय रे भानू, दुखण्याचे नाव सापडले का? काही नाही, काही नाही!"

"तू गप्प बस."

"माझ्या शेजारी जागा राखून ठेवतो. ऊन चांगले येते."

भानुमित्र निघाला. पहिल्यांदा तो नागाच्या विवरात गेला. नागापाशी एक दिवा होता, त्याच्या उजेडात कातडी काचेसारखी पारदर्शक होई. नागाने दिवा दिला आणि भानुमित्राची सावली गहाण ठेवून घेतली. राजाच्या छातीशी दिवा धरला. हृदय कमळासारखे निरोगी दिसले.

दुसऱ्यांदा तो गोठलेल्या सरोवरावरच्या हंसिणीकडे गेला. तिचे पीस दूषित रक्तात बुडे. हंसिणीने पीस दिले आणि त्याची झोप मागून घेतली. पण काळजीने त्याला झोप येतच नव्हती, म्हणून तिच्या हाती फारसे काही लागले नाही. राजाच्या रक्ताच्या थेंबावर पीस तरंगत राहिले.

आता पौर्णिमेची सकाळ उगवली. तिसऱ्यांदा कुठे जावे, हे भानुमित्राला कळेना. राजा उशीला टेकून बसला होता, ओठ निळसर, तळवा छातीवर. भानुमित्राच्या मानेवर पिसे दाट झाली होती. एक शब्द बोललो की सुटलो, त्याच्या मनात आले. उन्हात बसावे. पण राजा त्याच्याकडे पाहत होता. त्या डोळ्यांत वेदना होती, आणि वेदनेपेक्षा मोठी एक लाज होती.

राजा हळूच म्हणाला, "वैद्यराज, मी सोंग करतो आहे का? सगळे म्हणतात काही नाही. मग मलाच असे का होते?"

भानुमित्र म्हणाला, "महाराज, दुखते आहे हे खरे. का दुखते, ते मला कळत नाही."

असे वाक्य त्या महालात कोणत्याही राजवैद्याने उच्चारले नव्हते. आता पगडीला अर्थ उरला नाही असे वाटून त्याने ती उतरवली आणि गुडघ्यावर ठेवली. डोके मोकळे झाले. आणि पुढे काय करावे हे न सुचून त्याने राजाच्या छातीवर कान ठेवला. एवढी रुंद पगडी घालून आजवर कुणाला तिथे कान टेकवता आला नव्हता.

आत माणसे बोलत होती.

"महाराज, माझी लेक पुरात गेली." मागून राजाचा आवाज : "ऐकले." "महाराज, गावात तिरडीला खांदा द्यायलाही कोणी उरले नाही." "ऐकले." सगळी दाटीवाटीने उभी होती, जायला वाट नव्हती. आणि अगदी तळाशी तो दूत पुन्हापुन्हा सांगत होता : "धाकटे राजे पडले. धाकटे राजे पडले."

दुपारी दरबार भरला. नीलजंघ दारातून आत आला तेव्हा समयांच्या ज्योती त्याच्याकडे वाकल्या. "तीनदा विचारतो. दुखण्याला नाव मिळाले नाही, तर हे मरण कारणाशिवायचे," तो म्हणाला. "राजाला काय झाले आहे?"

बोडक्या डोक्याने भानुमित्र म्हणाला, "दुखते आहे."

"हे नाव नव्हे. राजाला काय झाले आहे?"

"खरेच दुखते आहे."

नीलजंघ हसला. राजा सिंहासनावर वाकला, त्याचा श्वास तुटू लागला. "तिसऱ्यांदा विचारतो..."

"थांबा," भानुमित्र म्हणाला. आपण चुकत असू तर राजा आताच मरेल, हे त्याला दिसत होते. तरी तो म्हणाला, "सीमेवरच्या दूताला बोलवा. त्याने तीच वार्ता पुन्हा सांगावी."

दूत पुढे आला. "महाराज... धाकटे राजे रविकेत रणात पडले."

"एकच शब्द, सुकेतना," नीलजंघ म्हणाला. "अट आठवते ना?"

राजाने तोंड उघडले. "ऐक..." म्हणून तो अडला. भानुमित्राने पायऱ्या चढून त्याचा हात धरला. नाडी पाहायला नव्हे, नुसताच धरला.

राजा दूताला म्हणाला, "जवळ कोणी होते का रे त्याच्या?"

"मी होतो, महाराज."

"पाणी दिलेस?"

"दिले. तुमची आठवण काढली त्यांनी. म्हणाले, दादाला सांग, घोडा माझा आहे, विकू नको म्हणावे."

राजा हसला, आणि हसताहसता त्याला रडू फुटले. सगळ्या दरबारादेखत तो लहान मुलासारखा रडला. काळ्या सिंहासनाला पायापासून माथ्यापर्यंत तडा गेला. छातीतली माणसे एकेक करून बाहेर पडली आणि दरवाजातून आपापल्या गावी गेली. राजाने खोल श्वास घेतला.

"रडू अडले होते," भानुमित्र म्हणाला. "हे त्याचे नाव."

नीलजंघाचा तिसरा प्रश्न ओठांतच राहिला. तो ज्योतीवरच्या काजळीसारखा विरळ होत गेला आणि दिसेनासा झाला. छज्ज्यावर एकच गलका उठला. मैनांची माणसे झाली होती, आणि म्हातारे वैद्य कठड्याला घट्ट धरून ओरडत होते, "शिडी आणा! अरे, कोणी शिडी आणा!"

राजा लाकडी आसनावर बसू लागला. ते थोडे डगमगे. फिर्याद ऐकली की तो आधी विचारी, "मग पुढे काय झाले?" नागाने सावली परत केली, हंसिणीने झोप. भानुमित्राला ती नीट लागेना. अजूनही तो सकाळी उठून कानामागे हात लावून पाही.

दुखणे पुन्हा कधीच आले नाही असे नाही. एखाद्या संध्याकाळी राजा छातीवर तळवा ठेवून म्हणे, "वैद्यराज, दुखते आहे." आता पगडी उतरवली म्हणून पद जात नसे. भानुमित्र ती काढून गुडघ्यावर ठेवी, कान पुढे करी आणि म्हणे, "बोला महाराज, आज आत कोण आले आहे?"