गच्चीचे वय

एकदा एका वृद्ध गवंड्याच्या हाती मुहूर्ताचा नारळ देण्यात आला आणि त्याने तो फोडलाच नाही. एवढ्याशा गोष्टीवरून एका शहाण्यासुरत्या व्यापाऱ्याच्या गच्चीवर केवढा गहजब झाला, ते ऐकण्यासारखे आहे.

गवंड्याचे नाव लिंबाजी. वय पंचाहत्तरीच्या पुढे. तालुक्याच्या त्या गावातली बरीचशी घरे त्याच्या हातची. आता हातात थापी धरवत नव्हती, पण नजर शाबूत होती. त्याच्याकडे दोन वर्षांपूर्वी एक बाई शिकायला आली. वैजयंता तिचे नाव. विजेचे रीतसर शिक्षण झालेले, छपरांवर सोलर पॅनेल बसवण्याचा उद्योग काढायचा मनात. ती म्हणाली, “बाबा, वीज मला कळते. पण ज्या घराच्या डोक्यावर मी हे ओझं ठेवणार, ते घर कळत नाही. शिकवाल?” लिंबाजीला हा प्रश्न आवडला. त्याने तिला भिंतीवरून हात फिरवायला शिकवले, ओलीचा वास ओळखायला शिकवले, तडा दिसतो कुठे आणि निघालेला असतो कुठून, ते दाखवले. दोन वर्षे ती दुसऱ्यांच्या हाताखाली वायरी ओढत राहिली आणि सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्यामागे गच्च्या पालथ्या घालत राहिली.

मग तिला स्वतःच्या नावावरचे पहिले काम मिळाले. काम रेवणशेठचे. हे चांगले वठले तर गाव आपल्याला ओळखेल, नाहीतर जन्मभर दुसऱ्यांच्याच वायरी, हे तिला पक्के ठाऊक होते. त्यामुळे त्या कामात तिचा जीव अडकला होता.

रेवणशेठ कडक भाकरीचे व्यापारी. घराच्या तळमजल्यावर मोठा हॉल. तिथे सोळा बायका ज्वारी-बाजरीच्या भाकऱ्या थापत, भाजत आणि कुरकुरीत होईपर्यंत वाळवत. माल पार पुण्या-मुंबईला जाई. आता शेठनी विजेच्या भट्ट्या घेतल्या होत्या आणि दिवसाढवळ्या वीज जायची, म्हणून छपरावर सोलर हवे होते. विचार योग्यच होता. प्रश्न छपराचा होता. हॉलवरचा स्लॅब चाळीस वर्षांचा. तो गळू लागला तेव्हा शेठनी वरून कोबा करून घेतला. पुन्हा गळला, डांबर ओतले. मग त्यावर चिनी मातीच्या टिकल्या बसवल्या. गेल्या वर्षी सगळ्यावर पांढरा रंग मारला, पाणी म्हणे त्याला घाबरते. थोडक्यात, दर काही वर्षांनी गच्ची दोन-चार बोटे उंच होत होती आणि शेठ त्याला दुरुस्ती म्हणत होते.

पाडव्याचा मुहूर्त ठरला. पॅनेल अंगणात रचून ठेवलेली, लोखंडी पाय वर चढवलेले, भोके पाडायचे यंत्र तयार. गच्चीवर चार पाहुणे जमले. शेठ उदार मनाचे, म्हणाले, “मॅडमचे गुरू आलेत, तर नारळ त्यांच्याच हातून होऊ द्या.”

लिंबाजीने नारळ घेतला, कपाळाला लावला. सगळ्यांना वाटले, आता पायरीवर आपटणार. म्हातारा कसला ऐकतो! तो गच्चीच्या एका टोकाला जाऊन उकिडवा बसला आणि नारळाने हलक्या हाताने जमीन ठोकू लागला. टण. एक पाऊल सरकला. टण. आणखी एक पाऊल. असा तो बसत-उठत, गुडघ्यांना हात देत निम्मी गच्ची ओलांडून गेला. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. कुणी तरी हसू दाबले. शेठ आधी कौतुकाने पाहत होते, मग संकोचले, मग त्यांना रागच आला. ऐन सणाला देवाचा नारळ असा जमिनीवर बडवायचा, म्हणजे काय हे!

आग्नेय कोपऱ्याजवळ आवाज बदलला. भद. पुढे भद. सगळीकडे भद. तिथला थर खालच्यापासून सुटला होता. लिंबाजी उठला, नारळ उपरण्याने पुसला आणि म्हणाला, “शेठ, आज हा वाढवू नये.”

“का वाढवू नये?”

“ही गच्ची तोडायला झालीय.”

“तोडायला? अहो मिस्त्री, गेल्याच वर्षी रंग मारलाय! आजवर चार वेळा काम केलंय हिच्यावर!”

लिंबाजी म्हणाला, “तेच तर सांगतोय. चार वेळा वरून काम झालं, खाली काय चाललंय ते एकदाही उकलून बघितलं नाही. स्लॅबच्या पोटात सळई गंजली की ती फुगते आणि सिमेंटला फोडत सुटते. तिला वरच्या रंगाशी काही देणंघेणं नाही. उलट थरांचं वजन तेवढं वाढत गेलं. आता ही पॅनेलं. ती पंचवीस वर्षं टिकणार. गच्ची पाच वर्षं तरी टिकेल का? आणि एकदा ह्यांचे पाय रोवले की मग खालची दुरुस्ती करायची तर सगळं उपसावं लागणार. वादळात वारा पॅनेलला खाली दाबत नाही शेठ, वर खेचतो. त्या वेळी पाय धरून ठेवणारं खाली काही तरी धड पाहिजे. चार थर तुम्ही घातलेत. हा पाचवा आहे. चकचकीत आहे, एवढंच.”

शेठचा चेहरा लालबुंद झाला. ते वैजयंताकडे वळले. “मॅडम, तुम्ही बोला. काम तुमचं आहे. तुम्ही दोनदा येऊन बघून गेलात. तेव्हा तर म्हणाला नाहीत असं काही!”

तिने गुरूकडे पाहिले. वाटले, तो आणखी काही बोलेल, आपली बाजू सावरून घेईल. लिंबाजीने फक्त नारळ तिच्या हाती दिला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. काम तिचे होते.

ती खरोखरच बघून गेली होती. पहिल्याच दिवशी हॉलमध्ये पाऊल टाकताना तिला दिसले होते की एवढा ऐसपैस हॉल, पण सोळाच्या सोळा बायका एका बाजूला दाटीवाटीने बसल्यात आणि आग्नेय कोपरा मोकळा आहे. त्या कोपऱ्यावरच्या छताचा रंगही बाकीच्यापेक्षा नवा होता. विचारावेसे वाटले होते. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि उत्तर मिळाले असते तर काम गेले असते. म्हणून तिने स्लॅब किती वर्षांचा, एवढेच विचारले. शेठ म्हणाले, “गेल्या वर्षीच नवी केलीय गच्ची,” आणि तिने कागदावर ‘नवी’ असे लिहून टाकले.

“शेठ,” ती म्हणाली, “मला शंका आली होती. काम जाईल म्हणून मी गप्प बसले. चूक माझी आहे. स्लॅब नवा झाल्याशिवाय मी इथे पॅनेल बसवणार नाही.”

“मग उचला तुमचा पसारा,” शेठ म्हणाले. “बसवणारे छप्पन्न मिळतील.”

तिने नारळ त्यांच्यापुढे ठेवला. दुपारपर्यंत टेम्पो भरून पॅनेल परत गेली. गल्लीतले लोक गुढीखाली उभे राहून पाहत होते. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. लिंबाजी टेम्पोत तिच्या शेजारी बसून राहिला, पण समजूत म्हणून एक शब्द बोलला नाही. तसा तो जरा कठोरच माणूस.

इकडे शेठनी दुसऱ्याला फोन लावला. तो उद्याच येतो म्हणाला. शेठ समाधानाने दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये उतरले. बायका नेहमीसारख्या खेटून बसल्या होत्या. एकीचा कोपर दुसरीच्या परातीला लागत होता. शेठ वैतागून म्हणाले, “अगं, एवढी गर्दी कशाला? तिकडे सरका की. कोपरा मोकळाच पडलाय.”

कुणी हलले नाही. थापण्याचा आवाज तेवढा थांबला. शेवटी सगळ्यांत जुनी असलेली महानंदा पदराला हात पुसत म्हणाली, “मालक, तुम्हीच बसा की तिथं. भाकरी देते, खावा बसून.”

तिने हे टोमणा म्हणून म्हटले की साधेपणाने, ते तिलाच ठाऊक. शेठ मात्र हट्टाला पेटले. पाट ओढून त्या कोपऱ्यात बसले. महानंदाने गरम भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली. शेठनी पहिला घास मोडला आणि सहज वर पाहिले. दुसरा घास मोडला आणि पुन्हा वर पाहिले. रंगाखालून एक बारीक रेघ निघून भिंतीपर्यंत गेली होती. सोळा जोड डोळे त्यांच्याकडे पाहत होते. तिसरा घास त्यांच्या हातातच राहिला.

“किती दिवसांपासून बसत नाही तुम्ही इथे?” त्यांनी विचारले.

“दुसरा पावसाळा गेला की,” महानंदा म्हणाली. “शेवंताच्या परातीत वरनं सिमेंटचा खपला पडला, तवापासनं. हातभर बाजूला पडला असता तर डोक्यात होता.”

“मग सांगितलं का नाही मला?”

“तुम्ही छताला रंग मारून घेतला. आम्हाला वाटलं, तुम्हाला दिसलंय.”

शेठ ताटावरून उठले. त्यांनी नव्या माणसाला येऊ नको म्हणून कळवले आणि स्वतः चालत वैजयंताच्या दारात गेले. “मॅडम,” ते म्हणाले, “तोडायला घ्यायचं तर पावसाळ्याआधी होईल का?” अपमान करून घालवून दिलेल्या माणसाच्या दारात जाणे सोपे नसते. शेठ गेले, ही त्यांची थोरवी म्हटली पाहिजे.

भाकऱ्यांचे काम शेजारच्या मंगल कार्यालयात हलले. गच्ची उकलली, तेव्हा चार थर वहीच्या पानांसारखे वेगवेगळे निघाले. आग्नेय कोपऱ्यातली सळई महानंदाने उचलून पाहिली. ती बोटांनी मोडली. नवा स्लॅब पडला, महिनाभर त्यावर पाणी खेळवले, आणि ज्येष्ठ लागता लागता पॅनेल बसली. गावाने वैजयंताला ओळखले. पुढे लोक तिच्याकडे येताना आधीच सांगू लागले, “मॅडम, आमची गच्ची मात्र नीट ठोकून बघा हं.”

काम संपल्यावर एका सकाळी गुरू-शिष्या त्या गच्चीवर चहा पीत बसली होती. तिने बरेच दिवस मनात धरलेला प्रश्न विचारला. “बाबा, त्या कोपऱ्याचं तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, हो ना? तुम्ही तर पाडव्याआधी इथे पाऊलही टाकलं नव्हतं.”

“तू मला नकाशा दाखवलास तेव्हाच कळलं.”

“नकाशावर काय होतं?”

“सगळ्या गच्चीवर पॅनेलं मांडली होतीस. तो एक कोपरा सोडला होतास.”

“तो टाकीच्या सावलीमुळे,” ती झटकन म्हणाली.

“टाकी उत्तरेला आहे, पोरी. तिची सावली दक्षिणेच्या कोपऱ्यावर कधी पडते?”

स्वतःला तिने हेच कारण दिले होते, आणि आजच्या क्षणापर्यंत ते खरे मानले होते.

“मग तेव्हाच का बोलला नाहीत?”

“वाटलं, तू बोलशील. आठ दिवस वाट बघितली.”

खाली हॉलमध्ये बायका ऐसपैस पसरून बसल्या होत्या, भाकऱ्या थापल्याचा आवाज वर येत होता. वैजयंताचे डोळे भरून आले. म्हाताऱ्याने ते पाहिले आणि चहा गार होतोय, एवढेच म्हणाला.

आपल्याला काय ठाऊक नाही, हे इतरांना विचारून कळते. पण आपल्याला काय ठाऊक आहे, हे पाहायचे असेल तर आपला हात कुठे वजन ठेवायचे टाळतो, तिकडे पाहावे.