दुसऱ्यांच्या मैदानावरचा संघ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा खेळणाऱ्याला कुणी मजुरी देत नसे. एका डोंगरगावात खोगिरं शिवणारा कारागीर राहत होता. त्याने चामड्याचा चेंडू शिवला, तेरा गडी जमवले आणि खेळण्यासाठी त्यांना मजुरी देऊ लागला. चेंडू काखेत धरायचा आणि समोरच्या अकरा जणांना चुकवत रेषेपार न्यायचा, असा तो खेळ. गावाने कारागिराला वेड्यात काढलं. पुढे दूरदूरच्या गावांनी त्याचंच पाहून संघ काढले, तेव्हा त्याला कुणी शहाणा म्हटलं नाही, ते सोडा.

त्याच्या गावात सपाट रानच नव्हतं. चेंडू पडला की थेट ओढ्यात. म्हणून त्याचा संघ नेहमी दुसऱ्यांच्या गावी खेळायला जाई. ती गावं मैदान देत, निजायला ओसरी देत, गरम भाकरी वाढत.

एके वर्षी गावोगावचे सामने भरवणाऱ्या पंचांनी ठरवलं, "ज्याला मैदान नाही, त्याचा संघ कशाला? शेवटचा सामना जिंकला तर राहील, हरला तर बाहेर."

तो सामना नदीकाठच्या गावाशी होता. संघ दोन दिवस चालून पोचला, तर तिथे तापाची साथ. यजमानांचे नऊच गडी उभे होते. नियम असा, की अकरा भरले नाहीत तर हार.

संघाचा म्होरक्या खूश झाला. "मालक, न खेळताच जिंकलो की."

मालक मैदानाभोवती जमलेल्या माणसांकडे बघत होता. बारा वर्षं यांनीच त्याला जेवू घातलं होतं. तो म्होरक्याकडे वळला.

"आपले दोघं त्यांना द्या. आणि चांगले द्या, लंगडे नकोत."

"अन् हरलो तर? संघच राहायचा नाही."

"यांच्या अडचणीवर जिंकून घरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्या दोघांनी विचारलं, "मालक, आम्ही खेळायचं कुणासाठी?"

"ज्यांच्या बाजूनं उभे राहाल त्यांच्यासाठी. जीव तोडून."

ते तसेच खेळले. त्यांच्यातल्याच एकाने शेवटी चेंडू रेषेपार नेला आणि कारागीर हरला.

पंचांच्या बैठकीत तो निरोप घ्यायला उभा राहिला. "तुम्ही मैदान दिलंत, भाकरी दिलीत. माझी तक्रार नाही. तुमचे फार उपकार आहेत."

तेव्हा नदीकाठची पाटलीणबाई उठली. "ज्यांच्या पायांनी आम्ही जिंकलो, त्यांनाच बाहेर काढता? मग आमचंही नाव खोडा."

तिच्यामागून दुसरं गाव उठलं, मग तिसरं. सगळेच गेले तर खेळणार कोण, हे पंचांना उमगलं. त्यांनी मुकाट्याने नियम मागे घेतला. त्या वर्षापासून नदीकाठचं मैदान दोन संघांचं झालं, आणि कारागिराच्या मागेही त्याचा संघ तिथे खेळत राहिला.

बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं लक्षात ठेवा: उपकारांची जाण ठेवणारा माणूस हरला, तरी एकटा पडत नाही.